मदत हवी आहे: क्यूसीतून रेग्युलेटरीत गेलेल्यांशी बोलायचंय, सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्री, सध्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात आहे. शिफ्ट ड्यूटी, दिवसभर एचपीएलसी मशीनवर नमुने तपासायचे. मला मनापासून रेग्युलेटरी अफेअर्समध्ये (आरए, म्हणजे औषधाच्या मंजुरीची कागदपत्रं तयार करणारा विभाग) जायचंय. आमचा स्टॅबिलिटी डेटा (औषध किती काळ टिकतं याची माहिती) पुढे सीटीडी डोसिअरच्या, म्हणजे मंजुरीसाठी ठरावीक रचनेत द्यायच्या फाइलच्या, मॉड्यूल ३ मध्ये जातो, एवढं ठाऊक आहे. पण ते डोसिअर बांधणाऱ्याचा दिवस कसा जातो, एफडीएची, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेची क्वेरी आली की उत्तराचा मसुदा कोण करतं, हे नोकरीच्या जाहिरातीवरून कळत नाही.

म्हणून या क्षेत्रातल्या लोकांशी वीसेक मिनिटं फोनवर बोलावं म्हणते. नोकरी मागायची नाही, फक्त काम समजून घ्यायचं. लिंक्डइनवर पाठवायला असा मेसेज लिहिलाय: "नमस्कार मॅडम, आपण क्यूसीतून आरएमध्ये गेलात. मीही त्याच वाटेवर आहे. सुरुवातीला काय शिकावं लागलं, हे आपल्याकडून ऐकायचंय. रविवारी वीस मिनिटं मिळतील का?" ठीक वाटतो का? सोबत रेझ्युमे जोडू नये असं माझं मत, कारण मग नोकरीच मागतेय असं वाटतं.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. आमच्याच कंपनीतल्या आरए टीमशी बोलले तर साहेबांच्या कानावर जाईल का? की आधी त्यांनाच सांगावं? आणि पगाराचा विषय पहिल्याच फोनवर काढावा का?

कुणी असं बोलून पुढे गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आरएमधले कुणी ताई-दादा बोलायला तयार असतील तर फार उपकार होतील.