मदत हवी आहे: ग्रीन बिल्डिंगमध्ये गारठतेय, फॅसिलिटीवाले ऐकत नाहीत

खराडीची_शाल: ऑफिस नव्या ग्रीन बिल्डिंगमध्ये हलवून चार महिने झाले. प्लॅटिनम रेटिंग, म्हणजे वीज-पाणी वाचवण्यात सगळ्यात वरचा दर्जा, लॉबीत ही मोठी पाटी. रोज दुपारी डोक्यावर गार हवेचा झोत. मी शाल पांघरून मेल लिहिते. तक्रार केली की फॅसिलिटीवाले स्क्रीन दाखवतात, "मॅडम, २४च आहे." काय करू? उद्या मीटिंग आहे, लवकर सांगा.

निवांतराव: २४ हा सरकारी नियमच आहे. घरी पंखा लावून एसी २६ वर ठेवा, बिल बघा किती उतरतं.

डक्टवाला: नियम बियम नाही. जानेवारी २०२० पासून स्टारवाले घरगुती एसी चालू केले की आपोआप २४ वर येतात, एवढंच. नंतर बदलता येतं. सेंट्रल एसीचा काय संबंध? ताई, दुपारी म्हणजे किती वाजता? खिडकीजवळ बसता का?

खराडीची_शाल: खिडकी लांब आहे. साधारण साडेबारा ते अडीच.

पोहे_विथ_लिंबू: आमच्याकडे उलटं. पश्चिमेची काच, चारनंतर भाजून निघतो. पडदा ओढला की "नैसर्गिक प्रकाश हवा" म्हणून मेल येते. आणि वॉशरूममध्ये हात हलवत बसावं लागतं, नाहीतर सेन्सर दिवा घालवतो!

निवांतराव: हाहा. फ्लशला रिसायकल केलेलं पिवळट पाणी येतं का तुमच्याकडे?

पोहे_विथ_लिंबू: येतं ना. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतो.

हैद्राबादी_मराठी: हवेचा झोतच नको. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसच्या इमारतीत २०११ पासून अर्ध्या भागात स्लॅबमध्ये गार पाण्याचे पाइप आहेत. छतच गार. सगळ्यांनी तेच करायला हवं.

डक्टवाला: म्हणजे ताईंनी उद्याच्या मीटिंगमध्ये स्लॅब फोडायला सांगायचा? ताई, तापमानाचा सेन्सर कुठे आहे? भिंतीवर पांढरी डबी असते.

खराडीची_शाल: ती होय! पँट्रीच्या भिंतीवर. खाली तीन मायक्रोवेव्ह आहेत.

डक्टवाला: आधी नाही का सांगायचं! साडेबाराला सगळे डबे गरम करायला लागतात, वाफ थेट त्या डबीवर. तिला वाटतं मजला तापला, डँपर, म्हणजे डक्टमधली हवेची झडप, उघडतो, झोत तुमच्यावर. पँट्रीत २४ राखायला तुम्हाला गारठवतात. स्क्रीन खोटं बोलत नाही, फक्त पँट्रीचं बोलतं. साधा थर्मामीटर टेबलावर ठेवा, साडेअकरा आणि दीडचे फोटो काढा. झोतावर पुठ्ठा मात्र लावू नका, शेजारचे घामाघूम होतील.

खराडीची_शाल: पुठ्ठा लावून झालाय. शेजारच्याने काढला.

निवांतराव: शाल कोल्हापुरी घ्या, ऊबदार असते.

खराडीची_शाल: मीटिंग झाली. थर्मामीटर दीडला २०.५. सेन्सर हलवायला वेंडरची मंजुरी लागते म्हणे, महिना जाईल. मायक्रोवेव्ह हलवायला कोणाची लागते?

डक्टवाला: हाउसकीपिंगच्या काकांची. चहा पाजा.