मदत हवी आहे: खुबा बदललेल्या पेशंटचा डेक्सा, झोन ७ चे आकडे पटेनात

थीसिस_अडकला
सोमवारी गाईडसमोर बसायचंय, म्हणून थेट मुद्दा. टीएचआर म्हणजे खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन झालेले २४ पेशंट. ऑपरेशननंतर एक डेक्सा (हाडाची घनता मोजणारा एक्स-रे स्कॅन), सहा महिन्यांनी दुसरा. ग्रुएनचे सातही झोन (स्टेम म्हणजे मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा, त्याच्याभोवतीच्या हाडाचे सात भाग) काढले. झोन ७ मध्ये एकाचं १.२१ वरून ०.८७ झालं, दुसऱ्याचं ०.९८ वरून १.१२. कॅल्करची, म्हणजे झोन ७ मधल्या वरच्या आतल्या हाडाची, घनता सहा महिन्यांत १४ टक्के वाढते का कुठं? बाकीचेही असेच वरखाली यायलेत. मशीन बिघडलंय का सॉफ्टवेअर? लवकर सांगा. ‘व्हिटॅमिन डी द्या’ असले प्रतिसाद नकोत.

उदगीरकर
स्टेम सिमेंटेड (हाडाच्या सिमेंटनं बसवलेला) की अनसिमेंटेड? स्कॅनचा मोड ऑर्थोपेडिक (इम्प्लांटचा धातू वगळणारा) की साधा हिप? पहिला स्कॅन कितव्या दिवशी? पाऊल कशाला बांधलं होतं? दोन्ही वेळचं ॲनालिसिस एकाच माणसानं केलं का? यातलं एक अक्षर नाही आणि लवकर सांगा म्हणे.

थीसिस_अडकला
मोड ऑर्थोपेडिकच, ते काय सांगायचं असतं का. बहुतेक अनसिमेंटेड. पहिला स्कॅन डिस्चार्जच्या आधी, चौथ्या-पाचव्या दिवशी. मशीन एकच.

पाटोद्याचा_टेक्निशियन
रोजचा फँटम (ठरलेल्या घनतेचा तपासणीचा ठोकळा) लागलाय का ते आधी बघा. लाईट गेली, जनरेटरवर आली, इन्व्हर्टरवर गेली की मशीन पुन्हा गरम होऊ द्यायचं, फँटम घ्यायचा, मगच पेशंट. मे महिन्यात खोलीचा एसी बंद पडला की आकडा सरकतो. सहा महिन्यांचा क्यूसीचा, म्हणजे या रोजच्या तपासणीचा, आलेख काढा. सरळ असेल तर मशीनला शिव्या घालू नका.

सीटी_समर्थक
डेक्सा म्हणजे सावली हो. पुढचं-मागचं हाड एकावर एक पडतं, त्यात मधोमध लोखंड. क्यूसीटी करा, म्हणजे सीटीवर घनता मोजा. १४० केव्हीपी (ट्यूबचा व्होल्टेज), ड्युअल एनर्जी असेल तर १३० केईव्हीच्या आसपास मोनो इमेज (एकाच ऊर्जेची प्रतिमा), मेटल आर्टिफॅक्ट रिडक्शन (धातूमुळं प्रतिमेत येणारा बिघाड कमी करणं) चालू, एचयू (सीटीतलं घनतेचं माप) स्केल एक्स्टेंडेड. साध्या स्केलवर आकडा ३०७१ ला अडतो. पाठीखाली कॅलिब्रेशन फँटम ठेवा. कॉर्टेक्स (बाहेरचं घट्ट हाड) वेगळा, कॅन्सेलस (आतलं जाळीदार हाड) वेगळा मोजता येतो. काम खलास.

उदगीरकर
काम खलास नाही, सुरू. केईव्ही वाढवला की हाडाचा एचयू उतरतो. १३० केईव्हीचा आकडा १२० केव्हीपीच्या समीकरणात घातला तर सगळ्यांनाच ऑस्टिओपोरोसिस निघेल. फँटमसुद्धा त्याच रिकन्स्ट्रक्शनमधून (सीटीनं रचलेल्या प्रतिमेतून) वाचावा लागतो. आणि आर्टिफॅक्ट रिडक्शनमध्ये धातूतून गेलेला डेटा काढून आजूबाजूच्या अंदाजानं भरलेला असतो. म्हणजे स्टेमला चिकटलेले दोन-तीन मिलिमीटर, जे आपल्याला हवेत, नेमके तेच अंदाजाचे. कधी तिथं काळी रेघ उमटते आणि वाचणारा ‘लूझनिंग’ (इम्प्लांट सैल) लिहून मोकळा.

सीटी_समर्थक
म्हणून तर आर्टिफॅक्ट रिडक्शनसहित आणि त्याशिवाय अशी दोन्ही रिकन्स्ट्रक्शन शेजारी ठेवून वाचायची असतात. रेघ फक्त एकीत दिसली तर ती रेघ नाही. टायटॅनियमच्या स्टेमला त्रास कमी, कोबाल्ट-क्रोमला जास्त. ऑस्टिओलिसिसची, म्हणजे हाड विरघळून झालेली, पोकळी किती घन सेंटिमीटर हे तुमचा डेक्सा जन्मात सांगणार नाही.

उदगीरकर
पोकळीबद्दल मान्य. पण धागाकर्त्यानं पोकळी विचारली नाही. आणि निव्वळ थीसिससाठी दोनदा ओटीपोटाचा सीटी काढायचा तर एथिक्स कमिटी डोसचा हिशेब मागणारच.

ऑर्थो_नांदेड
झोन ७ उतरणं अपेक्षितच आहे. कॉर्टिकल हाडाचा ताठपणा साधारण १५ ते २० गिगापास्कल, टायटॅनियम मिश्रधातूचा ११० च्या आसपास, कोबाल्ट-क्रोमचा त्याच्या दुप्पट. वजन स्टेममधून खाली जातं, वरच्या आतल्या बाजूच्या हाडाला काम उरत नाही, ते झिजतं. स्टेमवर पूर्ण लांबीचं पोरस कोटिंग (सच्छिद्र थर) असेल तर जास्त, फक्त वरच्या भागात असेल तर कमी. शिवाय पहिले तीन ते सहा महिने ऑपरेशनचा मार आणि कमी चालणं यानं सगळ्याच झोनमध्ये थोडं उतरतं. म्हणून २८ टक्के घट लगेच चूक ठरत नाही. १४ टक्के वाढ मात्र संशयास्पद. स्टेम कोणता, कोटिंग कुठपर्यंत?

किनवट_बोअर
फ्लोराइड तपासलंत का? आमच्याकडं बोअरच्या पाण्यात आहे. पाण्यात १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलं की मणका आणि कंबरेचं हाड पांढरंफेक दिसतं, बीएमडी (हाडाची घनता) भरपूर, पण हाड ठिसूळ. डेक्सा फसतो.

उदगीरकर
मुद्दा बरोबर, जागा चुकली. फ्लोराइडनं पेशंटा-पेशंटातला फरक वाढेल. एकाच पेशंटचं सहा महिन्यांत ०.९८ चं १.१२ नाही होत. मात्र गावाचं नाव आणि पाण्याचा स्रोत प्रोफॉर्मात हवाच, ही सूचना घ्या.

आईसाठी_विचारतेय
मधेच विचारते. आईचा उजवा खुबा बदललाय, डेक्सा सांगितलाय. उजवाच करायचा असतो का?

ऑर्थो_नांदेड
नाही ताई. डावा खुबा आणि कमरेचे मणके एल१ ते एल४. दोन्ही खुबे बदललेले असतील तर मणके आणि हाताचा रेडियस (कोपराखालचं हाड), एक-तृतीयांश भाग. इथं चर्चा चाललीय तो संशोधनाचा स्कॅन, त्यातून टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) निघत नाही. फॉर्मवर ‘उजवीकडे इम्प्लांट’ लिहून द्यायला सांगा.

थीसिस_अडकला
रजिस्टर काढलं. सिमेंटेड ५, अनसिमेंटेड १९. १.२१ वाला सिमेंटेड निघाला. पण सिमेंट दोन्ही वेळेस तिथंच आहे ना, मग फरक का?

उदगीरकर
आता बोललात. हाडाच्या सिमेंटमध्ये एक्स-रेवर दिसावं म्हणून बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड घातलेलं असतं. सॉफ्टवेअर त्याला हाड समजतं. एका वेळेस ते हाडात धरलं आणि दुसऱ्या वेळेस कुणी हातानं रंगवून धातूत ढकललं, तर घनता धाडकन उतरणार. दोन्ही चित्रांचा मास्क (सॉफ्टवेअरनं रंगवलेली हाड-धातूची हद्द) उघडून बघा. ते पाच वेगळ्या तक्त्यात टाका, १९ मध्ये मिसळू नका.

आता ०.९८ वाला. दोन्ही वेळच्या चित्रांत लेसर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा आतला छोटा उंचवटा) बघा. पाय बाहेर वळला असेल तर तो आतल्या कडेला आंब्याच्या कोयीसारखा बाहेर येतो, आत वळला की हाडामागं दडतो. इम्प्लांटची मानही बघा, पाय फिरला की तिची लांबी बदललेली दिसते. पाचव्या दिवशी मांड्यांमध्ये उशी, पेशंट दुखतंय म्हणतोय, पाऊल कुठं पडलं कुणी बघतं का?

तिसरं, त्वचेचे स्टेपल. पाचव्या दिवशी ते अंगावरच असतात. झोन १ मध्ये पांढरे ठिपके दिसतात का?

पाटोद्याचा_टेक्निशियन
साध्या हिपसारखं १५ ते २० अंश आत फिरवायचं म्हणून ताज्या ऑपरेशनचा पाय पिळू नका. मागून केलेल्या ऑपरेशनला वाकवून, आत ओढून, आत फिरवणं म्हणजे खुबा निखळायचं आमंत्रण. गुडघा सरळ, बोटं छताकडं, दोन्ही बाजूंनी वाळूची पिशवी. दोन्ही वेळेस तसंच. कोन कोणता यापेक्षा तोच कोन महत्त्वाचा. शक्यतो टाके काढल्यावर, दोन आठवड्यांच्या आसपास घ्या. त्याहून उशीर केला तर पहिली घट निसटते.

सीटी_समर्थक
सीटीत पाऊल कसंही पडलं तरी नंतर फिरवून घेता येतं. एवढंच म्हणतो.

थीसिस_अडकला
बघितलं. ०.९८ वाल्याच्या पहिल्या चित्रात ट्रोकँटर अगदी कोयीएवढा, दुसऱ्यात गायब. असे एकूण ४. स्टेपल ११ जणांच्या चित्रात. सिमेंटवाल्या पाचांपैकी दोघांचं दुसरं ॲनालिसिस वेगळ्या टेक्निशियननं केलंय. स्टेपल खोडून परत काढलं तर चालेल का? आणि त्या ४ जणांना वाचवता येईल का?

उदगीरकर
स्टेपल हाडाच्या बाहेर, मऊ भागात असतील तर तेवढे पिक्सेल वगळून पुन्हा काढा. हाडावर आलेले असतील तर त्या पेशंटचा झोन १ सोडून द्या, बाकी सहा ठेवा. दुसऱ्या वेळचे झोन पहिल्यावरून कॉपी करून बसवा, नव्यानं आखू नका. स्टेमच्या टोकाची रेघ एक मिलिमीटर सरकली तरी झोन ३, ४, ५ बिघडतात. फिरलेले ४ वाचत नाहीत. फिरलेल्या पायाला सॉफ्टवेअरमध्ये औषध नाही. अनसिमेंटेड १९ मधले उरले १५.

आणि तुमची प्रिसिजन (पुन्हा मोजलं तर आकडा किती हलतो) कुठाय? १५ जणांचे तीनदा किंवा ३० जणांचे दोनदा स्कॅन, दरवेळी टेबलावरून उठवून पुन्हा झोपवून. प्रत्येक झोनचा सीव्ही (मोजमापातली टक्केवारीतली चूक) वेगळा काढा, त्याला २.७७ नं गुणा. झोन ७ चा सीव्ही ४ टक्के आला तर ११ टक्क्यांच्या आतला बदल बदलच नव्हे.

थीसिस_अडकला
प्रिसिजन केली नाही. गाईडनी विचारलं नव्हतं.

ऑर्थो_नांदेड
सोमवारी विचारतील. सिनॉप्सिसमध्ये (थीसिसच्या मंजूर आराखड्यात) नसेल तर एथिक्स कमिटीकडं अमेंडमेंट टाका, परवानगीशिवाय जास्तीचा एकही स्कॅन नको. आणि स्टेमचं कोटिंग अजून सांगितलं नाहीत.

पाटोद्याचा_टेक्निशियन
इथं चित्रं टाकणार असाल तर वरच्या पट्टीतलं नाव आणि आयपीडी नंबर झाकून टाका.