मदत हवी आहे: उंदरांच्या ट्युमरमध्ये एडीसी वाढतोय, पण औषधामुळे का?

मंडळी, जरा डोकं लावा. उंदरांवर कॅन्सरच्या नव्या औषधाची चाचणी चालूये, डिफ्युजन एमआरआय (ऊतींमधलं पाणी किती हलतंय ते दाखवणारा स्कॅन) करतोय. ट्युमरचा साइज जवळपास तेवढाच आहे पण एडीसी (पाणी किती मोकळं हलतंय त्याचा आकडा) तिसऱ्या दिवशीच वाढलेला दिसतोय. आता पेशी मेल्या की पाण्याला हलायला जागा मिळते आणि एडीसी वाढतो, साइज कमी व्हायच्या आधीच, म्हणून आम्ही जाम खूश होतो, तर कंट्रोल ग्रुपमध्येपण थोडा वाढलाय, ज्यांना औषध दिलंच नाही!

माझा संशय नेक्रोसिसवर आहे. ट्युमर वाढला की मधला भाग आपोआप मरतो आणि आम्ही आरओआय (स्कॅनवर मोजायला आखलेला भाग) अख्ख्या ट्युमरवर काढलाय (हो, माहितीये, आळशीपणा). मग मधला भाग वगळून फक्त कडेचा जिवंत भाग घेऊ, की हिस्टोग्राम (अख्ख्या ट्युमरमधल्या एडीसीच्या आकड्यांची विभागणी) बघू?

दुसरं, बी व्हॅल्यू (स्कॅन पाण्याची हालचाल किती बारकाईने पकडतो ते ठरवणारी सेटिंग) ०, ५०० आणि १००० घेतल्यात. शून्यामुळे रक्तप्रवाहाचा परिणाम मिसळतो ना, मग १०० पासून सुरू करून परत स्कॅन करावं का? बर्फाच्या पाण्याचा फँटम (मशीन तपासायचा नमुना) लावला होता, त्याचा एडीसी बरोबर १.१ (×१०⁻³ मिमी²/सेकंद) च्या आसपास येतोय, म्हणजे मशीन ठीक असावं. पण भूल दिल्यावर उंदराचं अंग गार पडतं, आणि तापमानाने एडीसी बदलतोच, ते आम्ही नीट नोंदवलंच नाही.

एकाच उंदराचं दोनदा स्कॅन करून रिपीटेबिलिटी कोणी काढलीये का? किती उंदीर घेतले होते? प्लीज सांगा, पुढची बॅच सोमवारी आहे.