चावीच नसलेलं घड्याळ: तोफगोळ्याच्या यांत्रिक टाइम फ्यूजमधली केंद्रोत्सारी यंत्रणा नेमकी चालते कशी?

लंबकप्रेमी (प्रश्न)

एका प्रदर्शनात निकामी करून उभा कापलेला जुना यांत्रिक टाइम फ्यूज (गोळा ठरलेल्या वेळी फोडणारं उपकरण) पाहिला. दारूगोळ्याच्या भागाबद्दल काही विचारायचं नाही, प्रश्न फक्त आतल्या घड्याळाचा आहे. चकत्यांमध्ये बसवलेली दातेरी चाकं दिसली, वर एस्केपमेंट (चाकांना एकेक दात सोडत ताल देणारी यंत्रणा) दिसलं, पण चावीची स्प्रिंग कुठेच नव्हती. तिच्या जागी मधल्या पिनियनला (छोट्या दातेरी चाकाला) दोन बाजूंनी भिडलेले, अर्धचंद्रासारखे दोन जाड दातेरी तुकडे होते. गोळा फिरतो, हे तुकडे बाहेर फेकले जातात आणि त्यावर घड्याळ चालतं, एवढं समजलं.

अडतं ते पुढे. उड्डाणात गोळ्याचं फिरणं हळूहळू मंदावतं आणि केंद्रोत्सारी बल कोनीय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. म्हणजे फिरणं १०% कमी झालं की जोर १९% घटणार. मग वेळ चुकत कशी नाही? शिवाय प्रत्येक तोफेचा वेग निराळा, चार्ज (दारूचं प्रमाण) बदलला की तोही बदलतो. आणि मुळात स्प्रिंग का नको होती?

---

दातेरी

आधी जोर कुठून येतो ते आकड्यांत पाहू. खालचे आकडे हिशेबापुरते घेतले आहेत, कुठल्याही प्रत्यक्ष फ्यूजचे नाहीत.

रायफलिंगच्या, म्हणजे तोफेच्या नळीतल्या पीळदार, खाचांमुळे गोळ्याला मिळणारे फेरे सोप्या सूत्राने निघतात: सेकंदाला फेरे = तोंडाशी असलेला वेग ÷ (पीळ कॅलिबरमध्ये × व्यास). १०५ मिमी व्यास, २० कॅलिबरला (व्यासाच्या २० पट लांबीला) एक पीळ आणि ४८० मी/से वेग घेतला तर सेकंदाला सुमारे २२९ फेरे, म्हणजे मिनिटाला १३,७०० च्या आसपास. मी पुढे कोनीय वेग १००० रेडियन/से धरतो (मिनिटाला सुमारे ९,५५० फेरे). गणित सोपं राहतं.

आता तो अर्धचंद्र. त्याचा पिव्हट (ज्याभोवती तो वळतो तो बिंदू) गोळ्याच्या अक्षापासून १० मिमीवर, गुरुत्वमध्य पिव्हटपासून ४ मिमीवर आणि वजन २ ग्रॅम. पिव्हटभोवतीचा टॉर्क (फिरवणारा जोर) = वस्तुमान × कोनीय वेगाचा वर्ग × ही दोन अंतरं × कोनाचा साइन. हा कोन सरळ बाहेरच्या दिशेपासून मोजायचा. कोन ९०° असताना हा येतो ०.०८ न्यूटन-मीटर. तुकड्याच्या पूर्ण चाकाला ८० दात आणि पिनियनला १० धरले तर दोन तुकडे मिळून पिनियनवर ०.०२ न्यूटन-मीटर देतात. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या दोन वजनांसाठी हा जोर भरपूर आहे.

त्या सूत्रातला साइन महत्त्वाचा. गुरुत्वमध्य पिव्हट आणि अक्ष यांच्या बरोबर मध्ये असला तर टॉर्क शून्य, तुकडा जागचा हलणार नाही. पूर्ण बाहेर गेला तरीही शून्य. म्हणून तुकडा मृतबिंदूपासून बराच पुढे सरकलेल्या स्थितीत बसवतात. १३५° पासून ४५° पर्यंतचाच पट्टा वापरला तर टॉर्क कमालच्या ७१ ते १०० टक्क्यांत राहतो: आधी वाढतो, मग उतरतो. त्या पाव फेऱ्यात ८० पैकी २० दात सरकतात, म्हणजे पिनियनचे २ फेरे. सगळी वेळ एवढ्यातच बसवायची.

तुकडे दोन आणि समोरासमोर असण्याचं कारण साधं आहे. पिनियनवरचे आडवे रेटे एकमेकांना खोडतात, टॉर्कची मात्र बेरीज होते. एकच तुकडा ठेवला तर पिनियनचा पिव्हट एका बाजूने घासला जाईल आणि गोळ्याचं संतुलनही बिघडेल.

स्प्रिंग का नको, तर स्प्रिंग वर्षानुवर्षं कोठारात ताणलेली पडून राहते. ती मलूल होऊ शकते, गंजू शकते, तुटू शकते. केंद्रोत्सारी यंत्रणेत गोळा सुटेपर्यंत ऊर्जाच नसते, त्यामुळे चुकून चालू होण्याची भीतीही कमी. तरी स्प्रिंगवर चालणारे फ्यूजही होतेच. जर्मनीतल्या रूला इथल्या ठील बंधूंच्या कारखान्याच्या अशा रचनेची नक्कल इतर देशांनीही केली. आणि पंखवाला, न फिरणारा मॉर्टरचा गोळा असेल तर स्प्रिंगला पर्यायच नाही.

---

समकालिक

दातेरी यांनी जोराचा हिशेब दिला, पण लंबकप्रेमींचा खरा प्रश्न तालाचा आहे. तो सगळा एस्केपमेंटवर ठरतो, आणि एस्केपमेंटच्या दोन जाती आहेत.

पहिली ‘सुटी’ जात. यात पॅलेटला (चाकाचे दात आळीपाळीने अडवणाऱ्या-सोडणाऱ्या भागाला) स्वतःची स्प्रिंग नसते. चाक दाताने तिला इकडून तिकडे ढकलतं, ती नुसत्या जडत्वाने अडवते. हिचा वेग टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. आता गंमत पाहा: टॉर्क कोनीय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, ताल टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे ताल थेट कोनीय वेगाच्या प्रमाणात. ही यंत्रणा सेकंद मोजतच नाही, गोळ्याचे फेरे मोजते! रायफलिंगचा पीळ ठरलेला असल्याने तोंडापासून जवळच्या टप्प्यात ठराविक फेरे म्हणजे ठराविक अंतर. तोफ बदला, चार्ज बदला, अंतर जवळजवळ तेच राहतं. म्हणूनच गोळा तोफेपासून सुरक्षित अंतरावर जाईपर्यंत फ्यूज निष्क्रिय ठेवणाऱ्या सुरक्षा यंत्रणांत ही जात चालते. दूरवर मात्र तिचा भरवसा नाही, कारण हवेत गोळ्याचा पुढे जाण्याचा वेग त्याच्या फिरण्यापेक्षा लवकर घटतो आणि मीटरमागे फेरे वाढत जातात.

दुसरी ‘सुरात लावलेली’ जात. टाइम फ्यूजला हीच लागते. जर्मनीतल्या श्राम्बर्गच्या युंगहान्स या घड्याळ कंपनीच्या नावाने ओळखलं जाणारं एस्केपमेंट हे तिचं प्रसिद्ध उदाहरण. पॅलेटच्या दांड्यातूनच एक सरळ, चपटी हेअरस्प्रिंग आरपार जाते आणि तिची दोन्ही टोकं बाजूला आधारलेली असतात. दांडा वळला की स्प्रिंग वाकते आणि त्याला परत आणते. ताल ठरतो स्प्रिंगचा ताठरपणा आणि पॅलेटचं जडत्व यांवर. टॉर्क घटला तर मुख्यतः झोक्याचा आवाका कमी होतो, ताल फारसा हलत नाही. तुमच्या १९ टक्क्यांचं उत्तर हेच.

‘फारसा’ म्हणतोय, कारण हे मनगटी घड्याळातल्या लिव्हर एस्केपमेंटसारखं मोकळं नाही. झोक्याचा बहुतेक काळ दात आणि पॅलेट एकमेकांना चिकटूनच असतात, त्यामुळे टॉर्कचा थोडा परिणाम तालावर पोचतोच. म्हणून तुकड्याचा कोन आणि गिअरचं गुणोत्तर निवडताना टॉर्क शक्य तितका सपाट ठेवायची धडपड असते.

---

लंबकप्रेमी

फेरे मोजण्याचा मुद्दा झकास! पण मग आणखी एक शंका. बाकीची चाकंही त्याच वेगाने गोळ्यासोबत गरागरा फिरत असतात. त्यांच्या पिव्हटवर प्रचंड भार येत असणार. घर्षणाने सगळं अडकत कसं नाही? आणि गोल गुंडाळलेली साधी हेअरस्प्रिंग का वापरत नाहीत?

---

सूक्ष्ममापी

घर्षण अडथळा आहेच, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. अक्षापासून दूर बसवलेल्या चाकाचा भारही कोनीय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि चालवणारा टॉर्कही त्याच वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोघांचं गुणोत्तर तेच राहतं. एका वेगाला गाडी (म्हणजे चाकांची साखळी) चालली तर दुप्पट वेगालाही चालते. म्हणून कारागिरी सगळी त्या गुणोत्तरात जाते: पिव्हट बारीक, भोकं गुळगुळीत, चाकं हलकी. दातेरींच्या हिशेबातला २ ग्रॅमचा तुकडा गुरुत्वमध्य अक्षापासून १० मिमीवर असताना पिव्हटला २० न्यूटनने ओढतो, म्हणजे दोन किलो टांगल्यासारखं. हलक्या चाकांना यातला थोडाच वाटा येतो.

तेलावर विसंबू नये. एवढ्या वेगात पातळ तेल भोकातून निघून बाहेरच्या भिंतीला जाऊन बसतं, आणि कोठारात राहून घट्ट होतं ते वेगळंच.

खरी डोकेदुखी असंतुलनाची आहे. ०.१ ग्रॅमचं चाक, अक्षापासून ८ मिमीवर, गुरुत्वमध्य स्वतःच्या पिव्हटपासून फक्त ०.०१ मिमी सरकलेला. टॉर्क येतो ८ मायक्रोन्यूटन-मीटर, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो एकदा पुढे ढकलतो, एकदा मागे. आता गाडीच्या शेवटाकडे बघा. समजा ३० सेकंदांत पिनियनचे २ फेरे, झोके सेकंदाला ८०, एस्केप चाकाला २० दात. एकूण २४०० झोके, चाकाचे १२० फेरे, म्हणजे ६० पट गुणोत्तर. पिनियनवरचे ०.०२ न्यूटन-मीटर तिथे पोचेपर्यंत ३३३ मायक्रो होतात, अर्धे घर्षणात गेले तर १७० च्या आसपास. त्यात ८ म्हणजे जवळपास ५ टक्क्यांचा हेलकावा. म्हणून शेवटाकडच्या चाकांचं संतुलन सुरुवातीच्यांपेक्षा कितीतरी कडक लागतं.

आता पॅलेट, म्हणजे इथला बॅलन्स (झुलून ताल ठरवणारा भाग). तो गोळ्याच्या अक्षावरच का बसवतात? वजन ०.५ ग्रॅम, फिरणत्रिज्या ४ मिमी, ८० झोके धरले तर स्प्रिंगचा ताठरपणा सुमारे ०.००२ न्यूटन-मीटर प्रति रेडियन लागतो. गुरुत्वमध्यात ०.०१ मिमीची चूक आहे असं माना. बॅलन्स ८ मिमीवर ठेवला तर केंद्रोत्सारी बल ताठरपणात ०.००००४ ची भर किंवा वजाबाकी करतं. म्हणजे २ टक्के, तालात त्याच्या निम्मे, १ टक्का. ३० सेकंदांवर ०.३ सेकंद, आणि ४०० मी/से वेगाच्या गोळ्यासाठी १२० मीटर! तोच बॅलन्स अक्षावर बसवला आणि जुळणीत ०.०५ मिमी चूक राहिली, तर परिणाम १६० पटींनी घटतो, वेळेत सुमारे २ मिलिसेकंद. दोन लहान चुकांचा गुणाकार झाला की तो नगण्य होतो, हेच तिथलं मर्म.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांना माहीत असेल, मनगटी घड्याळात आवाका २२० अंशांच्या आसपास असला की बॅलन्सच्या असंतुलनाची चूक जवळपास मिटते. इथे झोका मोजक्या अंशांचा, त्यामुळे ती पळवाट नाही.

गोल हेअरस्प्रिंग अक्षावर ठेवली तरी तिचे वेढे बाहेर ओढले जातात, एकमेकांना लागतात, आकार विस्कटतो. सरळ पट्टीची दोन्ही अंगं समान ओढली जातात, मध्य जागेवर राहतो. पट्टीवरही ताण येतो आणि तिचा ताठरपणा थोडा बदलतो. म्हणून तिचा ताल स्थिर ठेवून लावला तरी भागत नाही, फिरत्या अवस्थेत तपासावाच लागतो.

---

समकालिक

दोन शंका कुणीतरी काढेलच, म्हणून आधीच लिहितो.

एक, गोळ्याचं फिरणं मंदावतं तेव्हा बॅलन्सला स्वतःच्या जडत्वाचा झटका बसत नाही का? बसतो, पण क्षुल्लक. २० सेकंदांत १००० वरून ९०० रेडियन/से म्हणजे मंदन ५. वरच्या बॅलन्सचं जडत्व आघूर्ण घेतलं तर टॉर्क ०.०४ मायक्रोन्यूटन-मीटर. विसरून जा.

दोन, तोफ उडतानाचा धक्का. हा मात्र विसरण्यासारखा नाही. अक्षाच्या दिशेने गुरुत्वाच्या दहा-वीस हजार पटींचा त्वरण येऊ शकतो आणि प्रत्येक चाक मागच्या चकतीवर आदळून बसतं. तेवढा वेळ गाडी अडकवून ठेवायची, धक्का ओसरल्यावर सोडायची. सुटण्यात काही मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तर तेवढी चूक शेवटपर्यंत तशीच राहते.

पार्श्वभूमीही सांगतो. आधीचे टाइम फ्यूज जळत्या दारूच्या कड्यांचे होते. उंचावर हवेचा दाब कमी झाला की दारू संथ जळते, कधी विझतेही. पहिल्या महायुद्धात विमानांवर मारा सुरू झाला तेव्हा हे फार जाचलं, आणि जर्मनीत तोफा बनवणाऱ्या क्रुप कंपनीने घड्याळी फ्यूज आणले. विमानविरोधी कामात पुढे यांना मागे सारलं रेडिओवर चालणाऱ्या, लक्ष्य जवळ आलं की गोळा फोडणाऱ्या प्रॉक्सिमिटी फ्यूजने. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेच्या ‘हेलेना’ युद्धनौकेने त्याच्या साहाय्याने पहिलं विमान पाडलं.

---

दातेरी

वर्गात दाखवायचं असेल तर दोन वेगळे प्रयोग करा, एकात मिसळू नका.

जोरासाठी: ३०० मिमी व्यासाची तबकडी, आडवी. उभी ठेवली तर गुरुत्वाकर्षण प्रत्येक फेऱ्यात टॉर्कमध्ये लुडबुड करतं. पिव्हट मध्यापासून ६० मिमीवर, ५० ग्रॅमचा लोलक, गुरुत्वमध्य पिव्हटपासून २० मिमीवर, आणि समोर तसाच दुसरा. मिनिटाला ३०० फेऱ्यांवर प्रत्येकी ०.०६ न्यूटन-मीटरच्या आसपास मिळतं. फेरे १५० केले की पाव. लोलकाला हलकी स्प्रिंग लावून तो किती वळतो ते कोनमापकावर दिसतं. स्क्रूंना लॉक नट लावा आणि तबकडीभोवती पॉलिकार्बोनेटचं कडं हवंच. सुटलेला लोलक स्पर्शरेषेत निघतो, आणि तिथे नेमका पहिला बाक असतो.

तालासाठी: फिरत्या तबकडीवर चावीचं छोटं गजराचं घड्याळ. एकदा त्याचा बॅलन्स बरोबर मध्यावर ठेवून, एकदा ८० मिमी बाहेर, समोर तेवढंच वजन लावून. शेजारी ठेवलेल्या फोनवर टिकटिक ध्वनिमुद्रित करा आणि मिनिटाचे ठोके मोजा. घड्याळ जागेवरच ९०° वळवून पुन्हा मोजा, बाहेरच्या जागी आकडा दर वेळी वेगळा येईल. चावी उतरत आली की फरक जास्त ठळक होतो, कारण आवाका २२०° च्या खाली जातो.

आणि एक, उगाच वाटलं तरी. प्रदर्शनातला कापलेला नमुना ठीक, पण शेतात किंवा भंगारात असा फ्यूज सापडला तर हातही लावायचा नाही. तिथून लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं. जुनं घड्याळ बंद पडलेलं असलं तरी त्याच्या खालचा भाग बंद पडलेला असेलच असं नाही.