मॅट ले टिसिए: निष्ठा की नुसताच निवांतपणा?

वेशीबाहेरचा (धागाकर्ता)

परवा एका ग्रुपवर कुणीतरी 'क्लबशी एकनिष्ठ राहिलेले खेळाडू' अशी यादी टाकली. पहिल्या पाचांत इंग्लंडचा फुटबॉलपटू मॅट ले टिसिए. खाली बदामांचा पाऊस. म्हटलं, हा विषय आता एकदा काढूच.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गर्न्सी बेटावर १९६८ साली जन्म, १९८६ मध्ये साउदॅम्प्टन या इंग्लिश क्लबकडून पहिला सामना, २००२ मध्ये तिथूनच निवृत्ती. ५४० सामने, २०९ गोल. ४८ पेनल्टी मारल्या, त्यातल्या ४७ आत. प्रीमियर लीगमध्ये १०० गोलांचा टप्पा गाठणारा पहिला मिडफिल्डर. आणि एवढं सगळं करून इंग्लंडकडून फक्त ८ सामने, त्यात गोल शून्य. मोठा चषक एकही नाही.

याला निष्ठा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९९० साली टॉटनहॅमशी बोलणी जवळपास पक्की झाली होती. लहानपणापासूनचा त्याचा आवडता क्लब! ऐनवेळी मागे फिरला. पुढच्याच वर्षी टॉटनहॅमने गॅस्कॉइन आणि लिनेकर या इंग्लंडच्या दोन स्टार खेळाडूंना घेऊन एफए कप जिंकला. हा त्या दोघांच्या मध्ये खेळला असता, विचार करा. त्याऐवजी बारा-पंधरा वर्षं तळातून वर यायची धडपड. गावातल्या हुशार पोराने पुण्यामुंबईला जायचं टाळावं आणि गावाने त्याला 'आमचा साधा माणूस' म्हणून डोक्यावर घ्यावं, तशातला हा प्रकार.

खाण्यापिण्याचा आणि व्यायामाचा आळस तर त्याने स्वतःच हसत हसत सांगितलाय. आपणही हसतो. पण त्यात वाया किती गेलं, ते कुणी मोजत नाही.

मीठभाकर

आला, वार्षिक धागा आला. चहा ठेवून बसतो.

गोलपोस्ट काका

वेशीबाहेरचा, तुमचा धागा वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. मग न राहवून लिहायला घेतलं.

'तळातून वर यायची धडपड' असं तुम्ही एका ओळीत उरकलंत. ती धडपड काय होती ते बघा. १९९३-९४ चा हंगाम. साउदॅम्प्टनचे लीगमध्ये मिळून ४९ गोल, त्यातले २५ एकट्या ले टिसिएचे. निम्म्याहून जास्त! संघ खालच्या विभागात जाण्यापासून वाचला एका गुणाने. आपले ४३, खाली गेलेल्या शेफिल्ड युनायटेडचे ४२. शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमकडे ३-३, त्यातही याचे दोन. त्याआधी नॉर्विचला त्यांच्याच मैदानावर ५-४ हरवलं, त्यात याची हॅटट्रिक. एक गोल इकडचा तिकडे झाला असता तर सगळा क्लब खालच्या विभागात.

हंगामाच्या सुरुवातीला इयान ब्रॅनफूट मॅनेजर होते. त्यांनी याला चक्क बाहेर बसवलं होतं. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलविरुद्ध परत घेतलं आणि त्या सामन्यातला पहिला गोल मी किती वेळा पाहिलाय याची गणती नाही. चेंडू येतो तो थोडा मागेच. हा धावता धावता टाचेने तो पुढे ओढतो. पहिला बचावपटू अंगावर येतो, त्याला बगल. दुसरा येतो, त्याच्या डोक्यावरून चेंडू हलकेच पलीकडे. आता गोलकीपर समोर. इथे कुणीही जोरात हाणला असता. याने जो मारला तो नीट लागलासुद्धा नाही, अगदी मरतुकडा फटका, रांगत रांगत कोपऱ्यात गेला. त्यानंतर त्याच सामन्यात आणखी एक, पहिल्याहून देखणा. सामना २-१.

जानेवारीत ॲलन बॉल आले, १९६६ च्या विश्वविजेत्या संघातले. पहिल्याच सरावात म्हणे त्यांनी याला मधोमध उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, चेंडू मिळाला की याच्याकडे द्या. बॉलच्या हाताखाली ६४ सामन्यांत ४५ गोल. आळशी माणसाचे आकडे असे असतात?

वेशीबाहेरचा

काका, आकडे पाठ आहेत हो. माझा मुद्दा नेमका तोच आहे! इतकी गुणवत्ता आणि ती खर्ची कशात, तर अठरावा नंबर टिकवण्यात.

ड्रेसिंग रूममधलंच उदाहरण घ्या. ॲलन शिअरर. दोघं एकाच संघात, एकाच काळात. शिअरर १९९२ मध्ये ब्लॅकबर्नला गेला आणि १९९५ मध्ये लीग जिंकली. त्याच हंगामात ले टिसिएने ब्लॅकबर्नविरुद्ध ३५ यार्डांवरून तो अफलातून गोल मारला, जुना सहकारी टिम फ्लॉवर्स गोलमध्ये असताना. हंगामातला सर्वोत्तम गोल ठरला. पण तो सामना साउदॅम्प्टन ३-२ ने हरलं, आणि चषक ब्लॅकबर्नच्या कपाटात गेला. सुंदर गोल एकाचा, पदक दुसऱ्याचं. अख्खी कारकीर्द या एका सामन्यात आहे.

तिसरा पंच

शिअरर काढलात ते बरं केलंत. १९९६ मध्ये त्याच शिअररने मँचेस्टर युनायटेडला नकार दिला आणि दीड कोटी पौंडांना, तेव्हाच्या विक्रमी किमतीला, आपल्या गावी न्यूकॅसलला गेला. तिथे दहा वर्षांत एकही चषक नाही. मग तो पण निवांत का? की एकदा लीग जिंकल्यावर घरी जायची मुभा मिळते?

आणि टॉटनहॅमचं चित्र जरा पूर्ण रंगवा. कप जिंकला त्याच वर्षी क्लब कर्जात बुडालेला होता. गॅस्कॉइनने त्याच अंतिम सामन्यात स्वतःचा गुडघा मोडून घेतला आणि पुढे त्याला लाझिओला विकावं लागलं. तुमच्या स्वप्नातली ती त्रयी जेमतेम एक हंगाम टिकली असती.

वेशीबाहेरचा

एक हंगाम आणि एक कप. शून्यापेक्षा जास्तच!

सागरगोटी

मी गेली नऊ वर्षं साउदॅम्प्टनलाच राहते. फुटबॉलमधलं फार कळत नाही, नवऱ्यामुळे कानावर पडतं तेवढंच. पण एक सांगते.

जुनं मैदान, 'द डेल', २००१ मध्ये पाडलं. तिथे आता घरं आहेत, लाल विटांच्या इमारती. इमारतींना जुन्या खेळाडूंची नावं आहेत आणि त्यातली एक 'ले टिसिए कोर्ट'. मुलीला तिकडच्या एका मैत्रिणीकडे सोडायला जाते तेव्हा रोज ती पाटी दिसते. पंधराएक हजारांचं ते मैदान नेमकं कुठे मावत होतं, असाच प्रश्न पडतो. घरांच्या इतकं मध्ये आहे सगळं. शेजारचे आजोबा सांगतात की कॉर्नर मारणाऱ्याच्या पाठीवर पहिल्या रांगेतून थाप मारता यायची.

या आजोबांसमोर मी एकदा सहज म्हटलं, ले टिसिए मोठ्या क्लबला गेला असता तर बरं झालं असतं ना? ते म्हणाले, 'कोणासाठी बरं?' आणि हिरवळीला पाणी घालायला निघून गेले.

गोलपोस्ट काका

सागरगोटी, आजोबांना माझा दंडवत कळवा.

कोरडा पाषाण

दोन्ही बाजूंनी भावनेचा महापूर आलाय, म्हणून थोडा चुना मारतो.

काका, तुमचा देव जुगारही खेळलाय बरं का. आत्मचरित्रात स्वतःच कबूल केलंय. १९९५, विम्बल्डनविरुद्धचा सामना. पहिला थ्रो-इन किती सेकंदांत मिळेल यावर पैसे लावले आणि सुरुवातीलाच चेंडू बाहेर मारायचा बेत. पण फटका कमी पडला आणि काहीच माहीत नसलेल्या नील शिपर्लीने इमानदारीत तो मैदानात राखला! मग हा चेंडू बाहेर घालवण्यासाठी जिवाच्या आकांताने धावतोय. बॉलसाहेबांना वाटलं असेल, आज पोरगं काय पळतंय! शेवटी गेला बाहेर, ना फायदा ना तोटा. पोलिसांनी नंतर चौकशी करून प्रकरण सोडून दिलं.

आता वेशीबाहेरचा. इंग्लंडचे ८ सामने तुम्ही त्याच्या माथी मारताय. त्या आठांत एक डब्लिनचा, फेब्रुवारी १९९५, जो प्रेक्षकांच्या दंगलीमुळे २७ मिनिटांत बंद पडला. एक वेम्ब्लीवर इटलीविरुद्ध, त्यांच्या झोलाच्या गोलने हरलेला. तासाभरात याला बाहेर काढलं. १९९८ च्या विश्वचषकाआधी इंग्लंड 'ब' संघाकडून रशियाविरुद्ध हॅटट्रिक मारली, तरी तेव्हाचा इंग्लंडचा प्रशिक्षक हॉडलने निवडलं नाही. आणि हॉडल कोण? लहानपणी ज्याचं पोस्टर भिंतीवर लावावं असा याचा आदर्श खेळाडू. मोठ्या क्लबला असता तर कदाचित आठाचे अठ्ठावीस झाले असते, एवढं तुमचं मान्य. पण हे दैव आणि निवडकर्त्यांची नजर. याला आळस कसा म्हणता?

वेशीबाहेरचा

मोठ्या क्लबला असता तर अठ्ठावीस, हे तुम्हीच लिहिलंत. माझं काम झालं. 😀

तिसरा पंच

काम झालं म्हणून निघू नका, हे वाचून जा. बार्सिलोनाचा मिडफिल्डर झावीने एका मुलाखतीत सांगितलंय की लहानपणी टीव्हीवर ले टिसिएचे गोल लागायचे आणि घरातले सगळे आ वासून बघत बसायचे. बार्सिलोनाच्या मिडफिल्डवर वाढलेलं पोरगं तळातल्या इंग्लिश क्लबचा खेळाडू बघतंय. कपाटातली पदकं मोजून हे कुठे लिहायचं?

गोलपोस्ट काका

आणि जाता जाता माझंही एक. 'मोठ्या क्लबला जाणं' कसं असतं ते बॉलसाहेबांना विचारायला हवं होतं. १९९५ मध्ये साउदॅम्प्टन सोडून मँचेस्टर सिटीला गेले. हंगामाच्या शेवटी सिटी, कव्हेंट्री आणि साउदॅम्प्टन तिघांचे गुण सारखे, ३८. शेवटच्या दिवशी सिटीचा लिव्हरपूलशी २-२ असा सामना चाललेला. बाहेरून चुकीचा निरोप आला की बरोबरी पुरते, म्हणून सिटीचे खेळाडू कोपऱ्यात चेंडू घेऊन वेळ काढत बसले! गोलफरकाने सिटी खाली, साउदॅम्प्टन वर. गेले ते बुडाले, राहिला तो तरला.

वेशीबाहेरचा

काका, त्या हंगामात ले टिसिएचे लीगमधले गोल सात. सात! तुमच्या बॉलशिवाय त्याला हलवणारं कुणी उरलं नव्हतं, हे सांगायचं राहिलं तुमचं.

बरं, प्रामाणिकपणे एक कबुली. काल रात्री वाद घालायला मुद्दे हवेत म्हणून डेलवरचा शेवटचा लीग सामना काढला. १९ मे २००१, समोर आर्सेनल, गोल २-२. हा बदली म्हणून येतो. केस पातळ झालेले, पोट सुटलेलं, पूर्ण हंगामात लीगमध्ये एकही गोल नाही. ८९ व्या मिनिटाला चेंडू उडून येतो, हा पाठमोरा, गर्रकन वळून डाव्या पायाने हाफ व्हॉली. वरच्या कोपऱ्यात. क्लबसाठी त्याचा शेवटचा गोल, त्या मैदानावरचा शेवटचा लीग गोल.

तीनदा पाहिला. बायको म्हणाली, झोपा आता.

टॉटनहॅमला जायलाच हवं होतं, यावर ठाम आहे.

सागरगोटी

उद्या त्या पाटीचा फोटो टाकते. पाऊस नसला तर.