मोटरसायकलींवर गटाने जाताना नवख्या चालकाची जागा कोणती?

प्रश्न: आमच्या सहा जणांत दर फेरीला एकाच मुद्द्यावर प्रेमाची हुज्जत होते: नवख्याने शेवटी राहावे की म्होरक्याच्या मागे?

उत्तर १: म्होरक्याच्या मागेच ठेवावे, कारण पुढच्यांनी वाढवलेले अंतर भरून काढताना शेवटच्याला सर्वांत जास्त वेग घ्यावा लागतो आणि नेमके तेच त्याला झेपत नाही.

उत्तर २: मान्य, मात्र म्होरक्याने आरशात पाहत वेग त्याच्या बेताने ठेवावा. सरळ रस्त्यावर तिरकस रांग (एक गाडी डावीकडे, तिच्या मागची उजवीकडे, अशी आलटून-पालटून) धरून आपल्याच रेषेतील पुढच्या गाडीपासून किमान 2 सेकंदांचे अंतर राखावे. वळणांवर एकेरी रांग करावी.

प्रश्नकर्ता: काल तसेच केले. थांब्यावर हेल्मेट काढताना तो प्रथमच घामाघूम नव्हता आणि “आज तुम्हीच रेंगाळलात” असे आम्हालाच सुनावून मोकळा झाला.