मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर बाबांचं डावीकडे लक्षच जात नाही

बाबांना मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक आला. बोलणं, आठवण सगळं शाबूत आहे, पण ताटाच्या उजव्या अर्ध्यातलंच जेवतात आणि "एवढंच वाढलंस?" विचारतात. ताट फिरवून दिलं की उरलेलं दिसतं. दाढी उजव्या गालाचीच करतात. वर्तमानपत्राची ओळ मधूनच वाचायला घेतात आणि छपाईवर वैतागतात.

डोळे तपासले, नजर ठीक आहे. डॉक्टर याला 'नेग्लेक्ट' म्हणाले. आडव्या रेघेच्या मध्यावर खूण करायला सांगितली, तर ती बरीच उजवीकडे केली.

सगळ्यात जड जातं ते हे, की आपलं काही सुटतंय हेच त्यांना पटत नाही. "डावीकडे बघा" म्हटलं की चिडतात. आई उजवीकडे बसते, कारण तिथून हाक मारली की ओ देतात. भाऊ म्हणतो, सगळं डावीकडेच ठेवा, सवय होईल. कुणाचं ऐकावं? प्रिझमच्या चष्म्याचा उपयोग होतो का?

प्रतिसाद

ताई, हा हट्ट नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. न पटणं हाही त्या इजेचाच भाग असतो. १९७८ साली बिसियाक आणि लुझाती या इटालियन संशोधकांनी मिलानमधल्या अशा रुग्णांना तिथल्या कथीड्रलसमोरचा (मोठ्या चर्चसमोरचा) ओळखीचा चौक नुसता आठवून सांगायला लावला. एका टोकाला उभे आहोत असं समजून त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. समोरच्या टोकावरून सांगताना मात्र आधी गाळलेल्या इमारती आल्या! आठवण होती, लक्ष तिथवर पोचत नव्हतं.

माझ्या सासूबाईंना हेच झालं होतं. पाणी, बेल, औषधं उजवीकडेच ठेवा, तिथे प्रयोग नको. गप्पा उजवीकडून सुरू करा आणि बोलता बोलता हळूहळू डावीकडे सरका. वाचताना पानाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढा. "डावीकडे बघा" ऐवजी "लाल रेघ सापडेपर्यंत मान वळवा" म्हणा. आमच्याकडे चिडचिड यानेच कमी झाली.

प्रिझममुळे दृश्य उजवीकडे सरकतं. तो लावून वारंवार बोट दाखवायचा सराव केला की हात डावीकडे दुरुस्ती करायला शिकतो. रोजच्या कामांत फरक प्रत्येकाला जाणवतोच असं नाही, म्हणून थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा.

डावा हात व्हीलचेअरच्या चाकात अडकत नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा. आणि चालताना डावा खांदा दाराला आपटतो का? तसं असेल तर तेही थेरपिस्टना सांगा.